चहात खिळे

काल संध्याकाळपासून चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीतल्या गाड्या पुलावर चढायला लागल्या. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होतंय असं बातम्यांत आलं, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी उड्डाणपुलाच्या कठड्याला लागून उभ्या केलेल्या आपल्या गाडीचा फोटो टाकला. एकाने टाकला की दुसऱ्याला राहवत नाही. आज सकाळी दूध आणायला गेले तेव्हा गाड्यांची रांग पुलाच्या उतारापर्यंत आली होती. पाऊस अजून यायचा होता. ऊन तर चक्क लख्ख पडलं होतं.

इथे नव्याने आलेल्या माणसाला या प्रकाराचं हसू येतं. मलाही आलं होतं. मी मिरजेची, पूर मला काही नवा नव्हता. पण तिकडे नदी चढताना निदान दिसते. इथे पाणी गटारांतून, बुजवलेल्या तळ्यांच्या जुन्या जागांतून, न सांगता वर येतं. ज्यांनी एकदा आपल्या तळमजल्यात ते पाहिलंय, ते आभाळाकडे बघत बसत नाहीत. आधी गाडीची किल्ली शोधतात. माहिती असलेल्या माणसाला भीती इतरांच्या आधी वाटते. मी मुळातच भित्री, पण हे मला कळलं ते माझ्या इथल्या पहिल्या पावसाळ्यात, आणि तेही पाण्यावरून नाही.

इथला पाऊस आपल्यापेक्षा उलटा. आपल्याकडे आकाशकंदील लागतात आणि छत्र्या माळ्यावर जातात, तेव्हा चेन्नईत तो सुरू होतो. त्या वर्षी मी पीएचडी संपवून इथे पोस्टडॉक म्हणून आले होते. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आईला मी अजून नीट समजावू शकलेले नाही. ‘शिकणं संपलंय पण नोकरी लागली नाही, त्याच्या मधलं काहीतरी,’ असं ती शेजारणींना सांगते, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. काम भाषेचं आणि मेंदूचं. आपण एखादं वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू स्वस्थ बसून ऐकत नाही. तो पुढच्या शब्दाला घ्यायला आधीच दारात जाऊन उभा असतो. ‘आईने चहात’ एवढं कानावर पडलं की त्याने साखर धरलेलीच असते. तिथे ‘खिळे’ आले, तर डोक्यावर लावलेल्या तारांतून अर्ध्या सेकंदाच्या आत एक लाट उमटते. माणसाला हसू फुटायच्या आधी, ‘अहो, हे काय’ म्हणायच्याही आधी. ती लाट वयाबरोबर कशी बदलते हे मला बघायचं होतं. इथे नोकरीला आलेल्या मुलांकडे राहायला आलेले आपल्याकडचे आईवडील, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तंजावरी मराठी घरांतली वडीलधारी माणसं, अशी दोन्हीकडची मंडळी मला हवी होती.

वाक्यं मी लिहिली. आवाज बाबांचा घेतला.

बाबा हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पहाडी वगैरे आवाज नाही, पण प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. त्या वर्षी मे महिन्यात मी घरी गेले, मधल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि बाबांना रेकॉर्डरसमोर बसवलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. मध्येच कोकीळ ओरडे, मध्येच कुकरची शिट्टी होई, की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. निम्मी वाक्यं शहाणी होती, निम्मी वेडी. शेतकऱ्याने बैलाला चष्मा पाजला. शिंप्याने सदऱ्याला नद्या लावल्या. पोस्टमनने दारात ढग टाकला. अट एकच, वेडं वाक्यही शहाण्या वाक्यासारखंच म्हणायचं. आवाजाने आधी चाहूल दिली तर सगळा प्रयोग पाण्यात.

“शुद्धलेखन घालणाऱ्याला शिकवू नकोस,” बाबा म्हणाले. “पुढे काय येणार हे माझ्या आवाजावरून एकाही पोराला कधी कळलं नाही.”

आईला मात्र तिचं नाव घेतलेलं पटलं नव्हतं. ती पदराने वारा घेत दारात उभी होती.

“खिळे मीच का टाकायचे? बाबांनी टाकले असं लिही की.”

“बाबांनी चहा केला हेच मुळात वेडं वाक्य होईल,” मी म्हटलं.

बाबांना हसू आवरेना. ते हसणंही रेकॉर्ड झालं, पुढे कापून टाकावं लागलं. दुपार उलटेपर्यंत ‘आईने चहात’ एवढं म्हटलं की तिघांपैकी कुणीतरी ‘खिळे’ म्हणायचं आणि पुन्हा हशा. शेवटी मी त्यांच्याकडून सूचनाही वाचून घेतल्या. डोळे मिटू नका. मान हलवू नका. आणि प्रयोगाचा एकेक भाग संपला की वाजवायचं एक वाक्य: ‘शाब्बास. आता थोडी विश्रांती घ्या.’ ते पहिल्याच वेळी जमलं. त्यातल्या पहिल्या शब्दाची त्यांना जन्मभराची सवय होती.

पाऊस सुरू झाला तेव्हा प्रयोगही सुरू झाला. डोक्यावर ती तारांची टोपी घालायची तर केस स्वच्छ धुतलेले लागतात, तेलाचा थेंब चालत नाही. चेन्नईतल्या सत्तरीच्या बाईला ‘तेल न लावता, फूल न माळता या’ असं सांगणं म्हणजे अंगाशी येणारं काम. पण कमलाक्का आल्या. मूळच्या तंजावरच्या, इथे येऊन कित्येक वर्षं झालेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. केस धुऊन मोकळे सोडलेले आणि मोगऱ्याचा गजरा स्टीलच्या डब्यात घालून आणलेला, परत जाताना माळायला. मी त्यांच्या डोक्याला गार जेल लावत होते आणि त्या “अय्यो, थंड, थंड” म्हणून खांदे आकसत होत्या. बाहेर खिडकीच्या काचेवर पाऊस आडवा आपटत होता. मग स्पीकरवर बाबा बोलायला लागले, आणि पडद्यावर कमलाक्कांच्या लाटा दिसायला लागल्या. खिळे आले तिथे लाट. नद्या आल्या तिथे लाट. मास्तरांचं वेडं वाक्य एकही सुटलं नाही.

टोपी काढल्यावर त्यांनी विचारलं, “कोण हो तो मास्तर? बोलणें किती गोड, आणि बुद्धी नाही की काय? चहांत खिळे कोण घालील!”

“माझे बाबा आहेत ते, अक्का.”

“सरी, सरी! बरें, बरें!” त्या जीभ चावून हसल्या. “मग त्यांला माझा नमस्कार सांग. म्हणावें, तंजावरची एक म्हातारी तुमच्या वर्गांत बसली होती.”

तोवर दोन-तीन आठवडे एक गोष्ट मला खटकत होती. संध्याकाळच्या फोनवर बाबांच्या बोलण्यात भोकं पडत होती. वाक्य सुरू व्हायचं, मध्येच काही नाही, मग पुढचं. आमच्या कामात एक शिस्त असते, विचित्र काही दिसलं की आधी यंत्राला दोष द्यायचा. तार सुटली असेल, जेल वाळलं असेल, वरचा पंखा त्रास देत असेल. माणसाच्या डोक्यापर्यंत सगळ्यात शेवटी जायचं. तेच मी घरच्या फोनला लावलं. पावसाने नेटवर्क गेलंय म्हटलं. सिमकार्ड बदललं. तिकडे बाबांना गच्चीवर जाऊन बोलायला लावलं, गुडघे दुखत असताना बिचारे जिना चढून जायचे. वाक्यातल्या पुढच्या शब्दावर दिवसभर काम करणारी मी, आणि ही चूक मी अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने करत होते.

कमलाक्कांचा नमस्कार सांगायला मी त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतूनच व्हिडिओ कॉल लावला. तिथलं इंटरनेट झकास. बाबांचा चेहरा स्पष्ट, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. नमस्कार ऐकून ते खूश झाले. मग म्हणाले, “इकडे थंडी पडायला लागली. आज सकाळी आम्ही ते काढलं. ते... आपलं... तांब्याचं. पाणी तापवतो ते.”

“बंब,” आई आतून म्हणाली.

“हां, बंब. घासून ठेवला.”

मला भीती वाटली ती बाबांच्या अडखळण्याने नाही. शब्द कुणाचाही अडतो. भीती वाटली आईच्या त्या ‘बंब’ने. तिने तो किती सहज पुरवला! भाजी चिरता चिरता, मान वर न करता. त्यात आश्चर्य नव्हतं, घाई नव्हती. जेवताना न मागता मीठ पुढे सरकवावं तसं तिने ते केलं, आणि हे ती कितीतरी महिने करत असणार. नेटवर्कला काही झालेलं नव्हतं. मी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला, तेव्हा माझ्या बोटांना अजून जेलचा वास येत होता.

घरी जायला स्टेशनबाहेर शेअर ऑटो मिळाली नाही. रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी होतं, गढूळ, खालचं काही दिसत नव्हतं. इथे पाणी साचलं की लोक गटारांची झाकणं काढून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल आधी चाचपायचं आणि मगच भार टाकायचा. पुढे त्या पावसाळ्यात मी बाबांशी रोज तशीच बोलले. वाक्य टाकायच्या आधी खाली काय आहे ते चाचपून. जेवलात का, झोप लागली का, पेपर आला का. ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ने भागेल असेच प्रश्न. आमच्याकडे एक अगदी साधी चाचणी असते. एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा. ती मी परक्या माणसांना हसत हसत विचारायचे. बाबांना विचारायची माझी छाती झाली नाही. प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर वाचता येत नाही असं सोंग मला आणता आलं नसतं. एकदा आई फोनवर म्हणाली, मागच्या अंगणात मांजर व्यायलीये, थांब, बाबांना सांगू दे. मी मीटिंगचं निमित्त करून फोन ठेवून दिला. बाबा मांजर हा शब्द शोधायला लागले असते तर?

आणि दिवसभर प्रयोगशाळेत तेच बाबा. एकाही भोकाशिवाय. काचेपलीकडच्या खोलीत कुणीतरी टोपी घालून बसलेलं असायचं आणि मे महिन्यातले बाबा ठणठणीत आवाजात सांगत असायचे की पोस्टमनने दारात ढग टाकला. संध्याकाळी खऱ्या बाबांची खरी वाक्यं मध्येच तुटायची, आणि इथे ती न घडलेली, न घडणारी वाक्यं एकसंध. मला भलतीच धास्ती बसली, की एक दिवस फोनवरचे बाबा यातलंच एखादं वाक्य मनापासून म्हणतील. शांतपणे, सूचना वाचल्यासारखं. आणि मला कळणारही नाही, कारण आवाजावरून ओळखू येऊ नये हे त्यांना मीच तर सांगितलं होतं.

त्या सुमाराला मला स्वतःचीही भीती वाटायला लागली. भाजीवाल्याकडे पडवळ दिसलं आणि तोंडात ‘पुडलंगाय’ आलं, मराठी नाव काही केल्या येईना. चार भाषांच्या शहरात हे रोज सगळ्यांचं होतं, त्याची कारणं मी वर्गात शिकवते. तरी ती पिशवी हातात धरून मी पावसात उभी राहिले, पडवळ आठवेपर्यंत पुढे गेले नाही. अजूनही शब्द अडला की आधी भीती वाटते, मग कारणं आठवतात.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी बाबांनी आपणहून फोन केला. आई बाजारात गेली होती.

“नंदू, एक विचारू? तुला ऐकू येतं ना?”

“येतोय की आवाज, बाबा. छान येतोय.”

“आवाजाचं नाही विचारत मी.”

मला ‘कशाचं’ असं विचारता आलं असतं. ‘वय झालं की होतंच’ म्हणता आलं असतं. हे मी लोकांना म्हणतेच. यातलं काहीच निघालं नाही. खाली कुणीतरी बादलीने जिन्यातलं पाणी उपसत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“बघ,” बाबा म्हणाले, “आता तुझा शब्द अडकला.”

“बाबा, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. आईला सांगू नकोस. म्हणजे, तिला ठाऊक आहे. पण मला भीती वाटते ते सांगू नकोस.” मग एकेक शब्द हाताला लागेल तसा घेत, ते म्हणाले, “ती वाक्यं आहेत ना तुझ्या मशीनमध्ये? जपून ठेव. वेडी असली तरी... माझी धड आहेत.”

पुढचं सगळं सरळ आहे. मी घरी गेले, आम्ही डॉक्टरकडे गेलो, तपासण्या झाल्या. डॉक्टर जे सांगणार होते ते मला पाठ होतं. आधी शब्द नेणारा आणि मग हळूहळू बाकीचं नेणारा आजार. आईने एकच प्रश्न विचारला, “हिच्या कामातून यावर काही औषध निघेल का?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यापासून दोघं इथे माझ्याकडे, वेलचेरीला आहेत. माझा प्रयोग केव्हाच संपला. लाटांचे आलेख छापून आले, त्यांत कमलाक्कांची लाट कुठली आणि इतरांची कुठली हे आता कुणाला सांगता येणार नाही. वाक्यं मात्र नव्या मुलांना उपयोगी पडतात, म्हणून बाबांचा आवाज अजून आमच्याकडे नोकरीला आहे. तो चालू असला की मी त्या खोलीत जात नाही. घरचे बाबा आता फार थोडं बोलतात. पाणी. नको. चल. वस्तूंची नावं आधी गेली, मग माणसांची. आईला ते ‘अगं’ म्हणतात, ते पूर्वीही म्हणायचे, त्यामुळे तिचं नाव गेलंय की नाही हे कळायला मार्ग नाही आणि तिला ते कळून घ्यायचंही नाही. मला ते बहुतेक ‘बाई’ म्हणतात. शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं, अदबीने. मी खोलीत आले की कधीकधी उठून उभे राहतात. तेव्हा मला पळून जावंसं वाटतं.

आज दुपारी पाऊस आला. आला तो आलाच. तासाभरात खालचा रस्ता दिसेनासा झाला, मग खबरदारी म्हणून वीज तोडली, मोबाइलची रेंज गेली. आम्ही तिघं पाण्यात अडकलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बाबा बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसून पुलाकडे बघत होते. तिथे गाड्या ओळीने भिजत उभ्या होत्या, सुरक्षित. माणसं गाड्यांना वाचवतात ते बरोबरच आहे, तेवढंच हातात असतं. मी बाबांची वाक्यं तशीच पुलावर नेऊन ठेवलीत. खाली पाणी चढतंच आहे.

आईने गॅसवर चहा ठेवला. आल्याचा वास आला, डब्याचं झाकण वाजलं, चमचा वाजला. बाबांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मला मे महिन्यातली ती दुपार आठवली, गोधड्या, घाम, आमचा हशा. शब्द शोधावा लागेल असं किती वर्षांत मी त्यांना काही विचारलं नव्हतं. भीती तीच होती, जराही कमी झालेली नव्हती. तरी मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि म्हटलं,

“बाबा. आईने चहात...”

ते माझ्याकडे बघत राहिले. पाऊस एवढा होता की मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, “आईने चहात...” आत चमचा थांबला. आईही ऐकत होती. बाबांचे ओठ हलले, पुन्हा मिटले. मी मनातल्या मनात ओरडत होते, खिळे, बाबा, खिळे म्हणा. ते हसू त्या दिवशी मी कापून टाकलं होतं, ते मला परत हवं होतं.

“साखर,” बाबा म्हणाले.

स्पष्ट. स्वच्छ. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. दुनियेतला कुठलाही डॉक्टर या उत्तरावर खूण करून पुढे गेला असता. आत आईने हुंदका दाबलेला मला ऐकू आला. ती दुपार आता आम्हा दोघींकडेच उरली होती.

बाबा मात्र खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, निकालाची वाट बघत.

“बरोबर आहे का, बाई?”

मग मला एक वाक्य सापडलं. ते माझं नव्हतं, पण पाठ होतं.

“शाब्बास,” मी म्हटलं. “आता थोडी विश्रांती घ्या.”